सिंदीला पाठवलेला गोंगाट

पॅसेंजर सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि माझे बाबा डब्याच्या चाकाकडे बघत उभे होते. पोटची मुलगी विलायतेला निघालेली, सिंदीच्या स्टेशनावर निम्मी आळी जमलेली, माय एकेकीच्या गळ्यात पडून रडतेय, आणि हा माणूस वाकून डब्याखालच्या स्प्रिंगा न्याहाळतोय. बाबा कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, मिस्त्री होते. यंत्र दिसलं की त्यांना माणसं दिसेनाशी होतात, असं आम्ही घरात चेष्टेनं म्हणायचो. त्या दिवशी मात्र मला चेष्टा सुचत नव्हती.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा वैशाख होता तो. नवरा वसंत देवळीचा. इंग्लंडातल्या एका गावी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो लेथवर होता. लग्न करून तो परत गेला, माझे कागद व्हायला सहा महिने लागले, आणि आता दीर मला मुंबईपर्यंत पोचवायला आला होता. माय खिडकीतून सारखी सांगत होती, "पोचल्या पोचल्या पत्र टाकजो व. अन् थंड्या पान्यानं डोकं नको धुवू." तिला शेजारणीनं जरा बाजूला नेलं, तेव्हा मी खाली उभ्या असलेल्या बाबांना हळूच विचारलं, "बाबा, तिथं नाईच जमलं तं मी वापस येऊ का?"

बाबांचा हात खिडकीच्या गजावर होता, तोंड सिग्नलकडे. त्यांनी गजावर दोनदा थाप मारली, म्हणाले, "गाडी येळेवर हाय," आणि मागे सरकले.

वर्धा येईपर्यंत मी रडले नाही. मला माझं उत्तर मिळालं होतं. एवढ्या साध्या प्रश्नाला जो बाप "हो" म्हणत नाही, त्याचं "नाही" काय वेगळं ऐकायचं? तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांना वाटतं, जाणारा माणूस घर सोडून जातो. मला तर गाडी हलायच्या आधीच घरानं सोडलं होतं.

आमचं घर जिनाच्या मागच्या भिंतीला लागून होतं. दिवाळीनंतर कापसाच्या बैलगाड्या येऊ लागल्या की जिन सुरू व्हायचं ते होळीच्या पुढेपर्यंत. मधोमध एक लांबलचक शाफ्ट, त्यावरून उतरणारे चामड्याचे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याला एकेक रेचा. एकीकडून कापूस टाकायचा, दुसरीकडे रुई, खाली सरकी. आमच्या फळीवरच्या पितळी वाट्या चार-पाच महिने एकमेकींना लागून किणकिणत राहायच्या. जिनात बोलायचं म्हणजे हातवारे. बाया, हमाल, फिटर, सगळे हातांनी बोलायचे. पाणी, बिडी, शेटजी आला, पोरगी झाली, सगळ्याला खुणा होत्या. आणि बाबांकडे एक बाभळीची काठी होती, हातभर लांब, तेलानं काळी पडलेली. तिचं एक टोक ते मशीनवर टेकवायचे, दुसरं कानामागच्या हाडाला, कधी दातात धरायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे, अमक्या नंबरचं बेरिंग दोन दिवसांत जाणार. ते जायचंच. मोसम संपून जिन थांबलं की आम्हा मुलांना पहिले काही दिवस झोप यायची नाही. घर मेल्यासारखं वाटायचं.

इंग्लंडात मला अशीच झोप यायची नाही. तिथं बर्फ पडला की सगळे आवाज गिळून टाकायचा. एक खोली, एक किचन, गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकलं की ऊब. वसंत वाईट माणूस नव्हता, पण कामावरून आल्यावर त्याचं तोंड उघडायचं ते जेवायलाच. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा मी खरोखर बॅग भरली. दोन साड्या, पासपोर्ट, मायनं दिलेली मसाल्याची डबी. बस स्टॉपपर्यंत गेले. दोन बसेस सोडल्या. तिसरी आली तेव्हा डोळ्यांपुढे तो गजावरचा हात आला, दोन थापा मारणारा. परत फिरले आणि बटाट्याची भाजी टाकली. त्या दिवशी वसंत म्हणाला, आज भाजी खारट झाली. मी म्हटलं, झाली असेल.

मग मला नोकरी लागली, आणि ती काय असावी? ऐकण्याची. गावाबाहेर रेकॉर्डी दाबायचा कारखाना होता. काळ्या लगद्याचा गरम गोळा मशीनमध्ये ठेवायचा, वरून खालून साचा दाबायचा, की झाली तबकडी तयार. दर काही शे तबकड्यांमधली एक आमच्याकडे यायची. आम्ही सहा बाया काचेच्या छोट्या खोल्यांत कानाला हेडफोन लावून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचो, आणि कुठे खट् वाजलं, कुठे खरखर आली, ते चिठ्ठीवर लिहायचो. परीक्षा घ्यायला सुपरवायझरनं मला मुद्दाम बिघडलेली रेकॉर्ड दिली होती. बाकीच्या उमेदवारांना त्यात तीन दोष सापडले, मला सात. मिस्त्रीची पोरगी ना मी! कारखान्यात लागले एवढं घरी कळवलं, पण हे कौतुक बाबांना सांगायला माझा जीव धजला नाही.

ऐंशी साल नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट. एक नवी रेकॉर्ड आली. आमच्याकडे सगळ्या तबकड्या साध्या पांढऱ्या कागदात यायच्या, चित्रबित्र काही नाही. डोरीन आमच्यातली सगळ्यात जुनी. तिनं अर्धं गाणं ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, हे मी ऐकणार नाही, माझं डोकं फुटेल. दुसरीनं नाक मुरडलं. तिसरीनं चर्चचं कारण सांगितलं. राहता राहिले मी. साडीवर कार्डिगन घालणारी, सगळ्याला मान डोलावणारी. तबकडी माझ्या खोलीत आली.

सुरुवातीला नुसती घरघर. पट्टा चढायच्या आधी शाफ्ट अंग झटकतो, तशी. मग ढोल पडला, आणि एक जाड, खालच्या पट्टीतला आवाज त्याला येऊन मिळाला, आणि मग गिटार. गिटार म्हणजे मला तोवर सिनेमातल्या हिरोच्या गळ्यात लटकणारी वस्तू माहीत होती. ही ती नव्हे. ही लोखंडाला लोखंड घासत होती, आणि घासता घासता त्यातून सूर निघत होता. मी चिठ्ठी लिहायचं विसरले. काचेच्या त्या खोलीत माझे पाय थरथरायला लागले आणि नाकात सरकीचा, तेलाचा वास आला. फळीवरच्या वाट्या किणकिणल्या. हवेत रुईचे तंतू तरंगत होते आणि उन्हाच्या तिरिपेत बाया एकमेकींना हातांनी काहीतरी सांगत होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदा मी घरी होते.

दुपारी कँटीनमध्ये चर्चा झाली, हे असलं कुणाला आवडत असेल? डोरीनचं मत, डोळ्यांवर केस घेतलेल्या बेकार पोरांना. कुणी म्हणालं, बापावर चिडलेल्या पोरांना. ते तितकंसं चूक नव्हतं. हेवी मेटल म्हणतात त्याला, हे मला त्याच दिवशी कळलं. माझ्या मनात माझी यादी तयार होती. ज्याच्या घराच्या भिंतीला जिन आहे त्याला आवडेल. रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसवर पाठ मोडलेल्यांना आवडेल. ज्याला खूप ओरडायचं आहे पण शेजारी ऐकतील म्हणून जो ओरडत नाही, त्याला तर फारच. वसंतला नाही आवडणार. ज्यांना गाण्यातले शब्द लागतात त्यांनी वाटेला जाऊ नये. शब्द मलाही कळले नाहीत. यादीत पहिलं नाव बाबांचं होतं, आणि ते नाव डोक्यात येताच माझा जुना राग भडकला.

त्याचं कारण सांगते. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मी घरी टेपरेकॉर्डर पाठवला होता. तेव्हापासून पत्रांऐवजी कॅसेट पाठवायचे. इथलं सगळं बोलायचे, मधेच म्हणायचे, बाबा, ऐकताय ना? मायचं उत्तर शेजारची सून लिहून धाडायची. आळीतल्या बाया जमून ऐकतात, अमकी रडली, तमकी हसली. आणि बाबा? बाबा समोर बसतात, खाली मान घालून. काय म्हणतात? काही म्हणत नाहीत. मी एकदा नुसती त्यांच्यासाठी कॅसेट भरली, अर्धा तास. त्यालाही उत्तर नाही. दगडाशी बोलले असते तर दगडानं निदान ऊन तरी धरलं असतं.

म्हणून मी काय केलं, तर तो सगळा अल्बम एका कॅसेटवर उतरवून घेतला. दोन्ही बाजू. माझा एकही शब्द नाही. माझं बोलणं ऐकत नाही ना, मग घ्या, हे ऐका! पुडकं बांधताना मी चक्क हसत होते. कुणाला सांगू नका, पण आयुष्यात मी बापाला दिलेली ती एकच शिवी.

दीड महिन्यानं निळं अंतर्देशीसारखं विमानाचं पत्र आलं. अक्षर ओळखीचं नव्हतं. ठसठशीत, एकेक अक्षर ठोकून बसवलेलं. बाबा चौथी शिकलेले होते. त्यांनी मला लिहिलेलं हे पहिलं पत्र.

"चि. बेबीस आशीर्वाद. तुझ्या कारखान्याची टेप मिळाली. दोन्ही बाजू ऐकल्या. शेड मोठी आहे. चार मशिनी आहेत. जाड आवाजाची आहे ती सगळ्यांना धरून आहे. एक घासते, तिचा पट्टा घसरते. पण चालवणारा हुशार आहे, घसरू देते आणि बरोबर टायमाला धरते. ठोकणारा माणूस एकदाही चुकला नाही, त्याले सांगजो. दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी बेरिंग तापलं आहे. तिकडे उभी राहू नको. काम करताना पदर खोचत जा. अशी टेप आणखी पाठवजो."

मी आधी हसले. कारखान्याचा आवाज समजले बाबा! अख्ख्या जगात हा अल्बम ऐकून तापलेलं बेरिंग शोधणारा दुसरा कोणी नसेल. पदर खोचण्याशी आले तेव्हा डोळे भरले. आणि मग पुन्हा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. मुलगी अर्धा अर्धा तास बोलते तिला एक ओळ नाही, आणि मशिनींना पानभर पत्र! माझ्या आवाजापेक्षा ह्या माणसाला लोखंड प्यारं. मी दुसरी टेप पाठवली नाही. बोलकी कॅसेटही पाठवेनाशी झाले. वसंतची नोकरी गेली, दुसरी लागली, घर घेतलं, सुट्टी जमली नाही, अशी कारणं सांगत आणखी चार वर्षं सिंदीला गेले नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले आहेत त्यांना ही कारणं पाठ असतील. त्यांच्या आत काय असतं तेही ठाऊक असेल.

निघाल्यापासून अकराव्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, मी एकटीच सिंदीला उतरले. टांग्यातून येताना आळी लहान झालेली दिसली. बोळाच्या तोंडाशी आले आणि थबकलेच. आमच्या घरातून तो अल्बम ऐकू येत होता. घासून घासून आवाज भुरकट झालेला, पण तोच. दारातली एक म्हातारी मला ओळखून म्हणाली, "ये व बेबी. घाबरू नको, मिस्त्रीचा गोंगाट लागला हाय. आमाले तं आता त्याच्याबिगर सांज झाल्यासारखी वाटत नाई."

माय चुलीपाशी होती. ती रडली, मी रडले. आतल्या खोलीत बाबा पाठमोरे बसले होते. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडले. लोखंडी ट्रंकेवर टेपरेकॉर्डर ठेवलेला, ट्रंक त्याच्याबरोबर घुमत होती. बाबांनी काठीचं एक टोक ट्रंकेवर टेकवलं होतं, दुसरं दातांत धरलं होतं, डोळे मिटले होते. चेहरा असा की मी तो लहानपणी कधी बघितला नव्हता. झोपेत गोड काही दिसतंय असा.

"त्याईले ऐकू येत नाई व," मागून माय म्हणाली. "तू धाव्वीत होती तवापासून उतरून राह्यलं होतं. तुया लग्नापर्यंत तं समदंच गेलतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"कोनालेच नाई सांगतलं. मिस्त्रीले ऐकू येत नाई म्हटल्यावर जिनात कोन ठेवन? तिथं तं सारेच हातानं बोलते, कोनाले समजलं नाई. अन् तुया लग्नाच्या टायमाले कशी सांगू? लोक म्हनले असते, पोरगीबी बहिरी निंगन. आता त्याईनं जिन सोडलं, म्हनून तुले सांगून राह्यली."

मी उंबऱ्यावर बसले. स्टेशन, गज, सिग्नलकडे वळलेलं तोंड. बाबांनी नाही म्हटलंच नव्हतं. त्यांना प्रश्नच पोचला नव्हता. माझा बस स्टॉप, माझी खारट भाजी, माझ्या न पाठवलेल्या कॅसेट, सगळं एका अशा उत्तरावर उभं होतं जे कुणी दिलंच नव्हतं. अंगणात ऊन होतं, कुठूनतरी रुईचा एक पुंजका तरंगत आला आणि तुळशीला अडकला, आणि मला वाटलं मी अजून गाडीतच बसले आहे, वर्धा यायची आहे, आणि हे सगळं मला खिडकीशी डोकं टेकून दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ट्रंकेपाशी बसलो. मी वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, हा कारखाना नव्हे, हे गाणं आहे. बाबांनी दोनदा वाचलं. "गानं होय? मंग मानूस कवा गाते?" त्यांना गाणारा कधी ऐकूच आला नव्हता. फक्त खालचं, जाड, जमिनीतून येणारं तेवढं पोचत होतं. मी बोटानं ताल धरून दाखवलं, इथे गातोय, आता थांबला. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "त्याच्याशिवायच बरं हाय."

पुढे मला काय सुचलं कोण जाणे. बाबांच्या दातांत काठी तशीच होती. मी तिचं ट्रंकेवरचं टोक उचललं आणि माझ्या गळ्याला टेकवलं, हनुवटीखाली. आणि त्या अल्बमसारखी बोलले. खालच्या पट्टीत, जोर लावून, एकेक शब्द ठोकत. "बाबा. मी. जाताना. गाडीतून. इचारलं होतं. नाई. जमलं. तं. वापस. येऊ. का."

त्यांचे डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुन्हा म्हटलं, तितक्याच जोरात. स्वयंपाकघरात मायच्या हातातला पळा थांबला.

बाबांनी काठी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी नको येऊ म्हटलं असतं."

काठीवर अंगठा फिरवत ते पुढे म्हणाले,

"येजो म्हटलं असतं तं तुया पाय तिथं ठरलाच नसता. रोज गाडीचा टाइम पाहत बसली असती."

मी काठीचं एक टोक त्यांच्या दातांत दिलं, दुसरं माझ्या गळ्याला लावलं. "अन्. मी. तरीबी. आली. असती. तं?"

"तं काय?" बाबा काठीआडूनच म्हणाले, जरा वैतागून, काय विचारतेय ही अशा सुरात. "आली असती तं आली असती. घरच होय."

मला रडू आलं आणि मी तोंड फिरवलं. काठी हातातून सुटली होती. भिंतीकडे बघत मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, अकरा वर्षं, की असंच काही. बाबांनी माझ्या खांद्याला हात लावून मला वळवलं.

"काय म्हनली? मले नाई ऐकू आलं."

हे वाक्य त्या माणसानं इतक्या वर्षांत कुणापुढे उच्चारलं नव्हतं. जिनात नाही, आळीत नाही, स्टेशनावर नाही. मीही इंग्लंडात पहिली किती वर्षं कळलं नाही तरी मान डोलावत काढली, पुन्हा सांगा म्हणायची लाज वाटायची म्हणून. आता माझा देश कुठला, गाव कुठलं, हे मला नीट सांगता येत नाही. आमचा रेकॉर्डींचा कारखानाही बंद व्हायला आलाय म्हणतात. पण ज्याच्यासमोर "मला ऐकू आलं नाही" असं न लाजता म्हणता येतं, तिथे मी घरी असते, मग ते सिंदी असो की दुसरं काही.

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.